हरवलेल्याची यादी

घरांत चोरी झाली म्हणजे पहिला प्रश्न येतो तो, "काय काय गेलें?" हा. हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. राहिलेल्या वस्तु डोळ्यांसमोर असतात. गेलेली वस्तु आपण होऊन सांगत नाहीं कीं मी गेलें. आमच्या एकत्र कुटुंबाचा गाण्यांचा व चित्रफितींचा संग्रह ज्या हार्ड डिस्कवर होता, ती गेल्या वर्षीं एकाएकीं बंद पडली, तेव्हां याच प्रश्नाशीं आमची गांठ पडली.

संग्रहांत तिघां भावांच्या मुलांच्या मुंजी व लग्नें होतीं, जुन्या कॅसेटींवरून उतरवलेलीं कीर्तनें होतीं, आणि आमच्या वहिनींनीं म्हटलेलीं मंगळागौरीचीं ११ गाणीं होतीं. वहिनी २०१६ सालीं निवर्तल्या. दादांचें वय आज ८२. दिवेलागणीनंतर त्यांतलें एखादें गाणें ऐकावें, हा त्यांचा परिपाठ. त्यामुळें घरांत जी चिंता पसरली, ती यंत्राची नव्हती, हें सुज्ञ वाचकांस सांगावयास नकोच.

माझा नातू या विद्येंतला जाणकार. त्यानें प्रथम डिस्क बंद करविली. "आजोबा, ही दुखणाईत आहे. हिला पुनःपुन्हां चालवूं नये, आणि हिच्यावर नवें कांहीं लिहूं नये," असें तो म्हणाला. मग डीडीरेस्क्यू नांवाच्या आज्ञावलीनें त्यानें तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरविली. ही आज्ञावली सुखानें वाचतां येणारे भाग आधीं घेते व बिघडलेल्या भागांकडे मागाहून वळते. त्या नकलेवर फोटोरेकनें शोध केला. फोटोरेक फाईल ओळखतें तें तिच्या अंतरंगाच्या खुणांवरून; म्हणून फायली सांपडतात, पण त्यांचीं मूळ नांवें येत नाहींत. हजारों निनांवी फायलींचा ढीग आमच्यापुढें पडला.

दुसऱ्या बाजूस एक यादी शाबूत होती. कोडी, जेलीफिन यांसारख्या आज्ञावल्या संग्रहाची सूची स्वतःजवळ वेगळी ठेवतात. आमची सूची संगणकाच्या निराळ्या डिस्कवर असल्यामुळें वांचली. तींत प्रत्येक गाण्याचें नांव होतें, जागा होती, लांबी होती. एकीकडे नामावांचून रूप आणि दुसरीकडे रूपावांचून नाम, अशी ही स्थिति! नातवानें सर्वांस बजावलें कीं सूचीची साफसफाई करण्याची सोय कोणीं वापरूं नये. फाईल सांपडली नाहीं कीं ती नोंदही पुसली जाते. टापटिपीच्या भरांत कोणीं ती वापरली असती, तर काय गेलें हेंही कळलें नसतें.

मला कात्यायनाच्या सर्वानुक्रमणीचें स्मरण झालें. ऋग्वेदाच्या प्रत्येक सूक्ताचे आरंभींचे शब्द, ऋचांची संख्या, ऋषि, देवता आणि छंद तींत सांगितले आहेत. एखादी ऋचा गळली, तर संख्याच तें सांगेल. धनाइतकीच धनाच्या मोजदादीची काळजी त्या लोकांनीं घेतली होती.

पुढें चार रात्री माजघरांत मेळ घालण्याचें काम चाललें. सूचींतील लांबी मिनिटें-सेकंदांपर्यंत ताडून पाहावी, आणि जेथें दोन सारख्या निघतील तेथें कानांनीं निवाडा करावा. "हें वहिनींचेंच; मागें झोपाळ्याची कडी वाजते आहे," असें धाकट्या वहिनी म्हणाल्या, आणि दादांनीं डोळे मिटून घेतले. अशीं नऊ गाणीं मिळालीं. दहावें कोणतें हें सूचीवरून कळल्यामुळें तें कोणाकडे मागावें हेंही कळलें; इंदूरच्या पुतणीनें तें पूर्वीं आपल्या फोनवर घेतलेलें होतें. अकरावें मात्र कोठेंच मिळालें नाहीं.

त्याची नोंद आतां काढून टाकावी, असें कोणीं सुचविलें. दादा म्हणाले, "राहूं दे. गाणें गेलें, पण तें होतें, एवढें तरी पोरांना कळूं दे."

आतां संग्रहाच्या दोन नकला दोन निराळ्या ठिकाणीं आहेत आणि सूचीची तिसरीकडे. विजयादशमीस सरस्वतीपूजन झालें कीं सूची हातीं घेऊन संग्रह मोजावयाचा, असा क्रम आम्हीं घातला आहे. ज्यांच्या घरीं असा ठेवा आहे, त्यांनीं डिस्क चालू आहे तोंच त्याची यादी करून वेगळी ठेवावी.