ट्री नदीवरचा चार

ग्रेट बेअर सरोवरावरून निघालेलं सी-प्लेन झाडांचा शेवटचा पट्टा ओलांडतं आणि खाली उरतो नुसता खडक, शेवाळ, पाणी. ट्री नदी कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात, उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे कॉरोनेशन आखाताला मिळते. गळाला लागलेला आर्क्टिक चारचा विश्वविक्रमी मासा, १४.७७ किलोंचा, १९८१ साली याच नदीतला.

वजनाचं मला आकर्षण नव्हतं. हा मासा इथे जगतो कसा, ते त्याच्याच पाण्यात उभं राहून पाहायचं होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ फुटलं की चार समुद्रात उतरतो, काही आठवडे अधाशासारखा खातो आणि ऑगस्टच्या सुमारास परततो. परतावंच लागतं. हिवाळ्यात खारं पाणी शून्याखाली जातं आणि तिथे या माशाचं रक्तच गोठेल. मग वर्षाचा मोठा भाग बर्फाखालच्या गोड्या पाण्यात, जवळजवळ उपाशी. सगळी बेगमी त्या थोड्या आठवड्यांची. माद्यांना तर दरवर्षी अंडी घालणंही झेपत नाही.

कुगलुकतुक गावाहून आलेले आमचे इनुइट वाटाडे अबोल होते. त्यांच्या पूर्वजांनी नद्यांत दगडांचे बांध रचून, तीन दातांच्या भाल्याने, काकिवाकने, हे मासे मारले आणि हिवाळ्यासाठी सुकवले. मोठ्या दगडामागे वेगवान आणि संथ पाण्याची शिवण होती, तिकडे त्यांनी बोट दाखवलं. गळावर पिसं बांधून केलेल्या गुलाबी-नारिंगी फ्लायला स्वतःचं वजन असं नसतंच. ते दोरीत असतं. म्हणून दोरी मागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे टाकायची. तोंडावर डासांची जाळी, पाण्यात उभं राहण्याच्या जलरोधक वेडर्समधूनही पाय बधिर करणारं पाणी.

दोरी ताणली आणि मासा थेट प्रवाहाच्या मध्यात धावला. बराच वेळ त्याने मला काठाकाठाने खाली नेलं.

पोट शेंदरी, पाठ काळपट हिरवी, कुशीवर फिके गुलाबी ठिपके, परांची पुढची कड खडूने रेघ ओढावी तशी पांढरी. नर होता, खालचा जबडा वर वळलेला.

"पाण्यातच राहू द्या त्याला," वाटाडे म्हणाले.

हात ओले केले. कोरड्या हातांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. गळाला उलटं टोक नव्हतं, तो अलगद सुटला. तोंड प्रवाहाकडे करून धरलं. कल्ले एका लयीत उघडमीट करू लागले तेव्हा शेपटीच्या एका फटक्यात तो गेला. फोटोसाठी असा मासा हवेत उंच धरून ठेवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पुढच्या उपाशी महिन्यांसाठी साठवलेली ताकद आपण तिथे उधळत असतो.

जेवणासाठी एक लहान, रुपेरी चार तेवढा ठेवला. वाटाड्यांनी तो काठावरच साफ करून मीठ लावून तव्यावर टाकला. नारिंगी मांस, भरपूर चरबी. तेल वेगळं घालावंच लागलं नाही.