एकरेघी वही

माझ्या कपाटात एक एकरेघी वही आहे. तिचे कव्हर गेलेले, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. दर दिवाळीच्या झाडलोटीत ती हाती लागते आणि दर दिवाळीला मी ती पुन्हा आत ठेवते. दोन-चार कादंबऱ्या माझ्या हातून झाल्या. पण ही वही कुठल्याच कादंबरीत घालणे मला साधले नाही. यंदा संपादकांचे पत्र आले तेव्हा म्हटले, आता हिचेच काय ते सांगून टाकावे.

२००४ साली मी पनवेलला बालवाडीची बाई झाले. दहावी, म्हणजे आमच्या अण्णांच्या भाषेत मॅट्रिक, एवढीच माझी विद्या. त्या वेळचे पनवेल मोठे गमतीचे गाव होते. इकडे वडाळे तलावाच्या काठी म्हातारी मंडळी वारा खात बसलेली, आणि तिकडे हमरस्त्याला रात्री रंगीत दिव्यांच्या माळा. ती दिवाळी बारमाही असे. ते डान्स बार.

तिथे मुंबईच्या गाड्या येत, तशी आसपासच्या गावांतली माणसेही जात. त्यांच्या हाती आलेला पैसा जमिनीचा. नवी मुंबई वसवायची म्हणून ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन, भातखाचरे आणि मिठागरे, सरकारने सिडकोसाठी घेतली. तिच्या मोबदल्यापायी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या बाजूला पाच जणांनी गोळ्या झेलून प्राण दिले. पुढे साडेबारा टक्के जमीन प्लॉटच्या रूपाने परत मिळू लागली. ‘साडेबारा टक्के’ म्हणजे काय, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक. प्लॉट विकला की घर होई, गाडी होई. पण शेत गेलेल्या माणसाला संध्याकाळ फार मोठी वाटू लागते. तमाशातली दौलतजादा आपल्याला काही नवी नाही. इथे ती दहा-दहाच्या नोटांची होई, इतकेच.

माझ्या वर्गात एक छकुली होती. तिची आई अकरा वाजता तिला न्यायला येई. डोळे सुजलेले, केस ओले. फी ती दहाच्या नोटांत देई. आमच्या मुख्य बाई त्या नोटा दोन बोटांनी उचलीत. मोजून मात्र घेत.

एक दिवस तिने ही वही माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, “बाई, मला लिहायला येत नाही. मी सांगते, तुम्ही मांडून द्या.”

मी मांडत गेले. दसऱ्याला फ्रीज. छकुलीच्या वाढदिवसाला सायकल. खोलीचे डिपॉझिट. पाटल्या, दोन. देणारा एकच, साठीच्या घरातला, तीन प्लॉटांचा धनी. ती त्यांना शेठ म्हणे. मला वाटले, बाई आपली मिळकत मोजते आहे! मी जरा तुसडेपणानेच विचारले, “हे सगळं कशाला लिहून ठेवायचं?”

“भांडण झालं की परत मागतात, बाई. अन् न दिलेलंही मागतात.”

मग तिने दुसरी बाजू सांगितली. सोलापूरकडे आईचे औषध. भावाच्या कॉलेजची फी. भावाची मोटारसायकल. भावाच्या लग्नात नवरीला मंगळसूत्र. “लग्नाला गेली होतीस?” मी विचारले. “नाही. येऊ नको म्हणाला. मंगळसूत्र आधीच पाठवलं होतं.” हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही; तिला पान भरायची घाई होती.

त्याच सुमारास आमच्या घरी एक स्थळ चालून आले. गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, बिजवर, घरचे गडगंज. अण्णांच्या डोक्यावर कर्ज होते. ते फेडायचे त्यांनी आपण होऊन कबूल केले. दिवाळीला पैठणी आणि सोन्याच्या पाटल्या घरी आल्या. आई म्हणाली, “वय काय बघतेस? घर बघ.” देवलांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आले १८९९ साली; म्हाताऱ्या भुजंगनाथाला मुलगी विकणारा कांचनभट पाहून शंभर वर्षे आम्ही डोळे पुसले. पण अण्णा काही कांचनभट नव्हते. रात्र रात्र जागणारा साधा माणूस होता तो, आणि म्हणूनच त्यांना नाही म्हणणे मला जड जात होते.

पाटल्या घालून मी शाळेत गेले. खोटे कशाला बोलू, आवडल्या होत्या मला त्या. छकुलीच्या आईने माझा हात हाती घेतला, वजनाचा अंदाज घेतला आणि विचारले, “कुणी दिल्या?” मी सांगितले. वय सांगितले, कर्जही सांगितले. तिने ना तोंड वाकडे केले ना उपदेश केला. जशी शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, “लिहून ठेवा, बाई.”

मी पाटल्या परत केल्या. अण्णा सहा महिने माझ्याशी बोलले नाहीत. कर्ज माझ्या पगारातून सात वर्षे फिटत होते, आणि त्या सात वर्षांत कैकदा रात्री त्या पाटल्या मला आठवल्या, हेही खरे.

१५ ऑगस्ट २००५ पासून बंदी आली. विधिमंडळात कायदा एकमताने झाला. तीन तारांच्या आणि त्यावरच्या हॉटेलांना मात्र सूट होती. तिथे नाचल्याने समाज बिघडत नसावा. याच भेदावर बोट ठेवून उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. सरकारने पुन्हा नवे नियम केले, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले की बक्षीस द्यायला हरकत नाही, नोटा उधळायच्या नाहीत. हातात दिलेले आणि अंगावर फेकलेले, यांतला फरक कोर्टाला कळला याचे मला बरे वाटले. पण तोवर चौदा वर्षे गेली होती.

छकुली त्या ऑगस्टातच यायची बंद झाली. मांडायला म्हणून दिलेली वही माझ्यापाशीच राहिली.

दिवाळीच्या सुट्टीआधी एक गृहस्थ शाळेत आले. पांढरा सदरा, हातात पिशवी, बोटांत एकही अंगठी नाही. मी ओळखले. वहीत त्यांच्या नावाची चार पाने माझ्याच अक्षरांत होती. ते मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. पत्ता माहीत आहे का, विचारले. मला माहीत नव्हता. असता तरी सांगितला असता की नाही, कोण जाणे.

“पोरीची फी राहिली आहे का?” त्यांनी विचारले.

“दोन महिन्यांची.”

त्यांनी खिसा चाचपला, नोटा मोजून टेबलावर ठेवल्या. मग पिशवीतून निळा, झालरीचा फ्रॉक काढला आणि म्हणाले, “आली तर द्या.”

ते गेल्यावर मी वही उघडली. फ्रॉक कुठल्या बाजूला लिहावा याचा बराच वेळ विचार केला, आणि तारीख तेवढी घातली.