हाड जुळायला आधार लागतो, पण त्याआधी रक्त लागतं



दिवाळीच्या आसपास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि हंगाम संपला की परततात. परत येताना काहींच्या नडगीत रॉड असतो आणि हातात एक्स-रेची पिशवी. "सहा महिने झाले, हाड काही जुळेना," असं म्हणत ते हाडांच्या डॉक्टरांकडे जातात. माझ्यासारख्या फिजिशियनकडे येतात ते शुगर वाढली म्हणून. शुगरचा आणि हाडाचा काय संबंध, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. हल्ली त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे: "रेशमापासून हाड बनवतात म्हणे, ते आम्हाला चालेल का?" दोन्हींचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं.

हाड जुळतं कसं?

हाड मोडलं की तिथे रक्त साकळतं. त्यातून आधी मऊ आणि नंतर कठीण असा जोड तयार होतो. नडगीच्या हाडाला यासाठी साधारण चार ते सहा महिने लागतात. नडगीचा खालचा भाग तर कातडीला लागूनच असतो. त्यावर मांस कमी, म्हणून रक्तपुरवठाही कमी. तिथलं हाड जुळायला वेळ घेतं ते यामुळेच.

अपघातात हाडाचा तुकडाच गेला किंवा पू झालेला भाग काढून टाकावा लागला, तर मध्ये पोकळी राहते. ती भरायला सर्जन बहुधा रुग्णाच्याच कमरेचं हाड घेतात. अजूनही हाच सर्वांत भरवशाचा उपाय मानला जातो. पण तिथून किती हाड घेणार? शिवाय दुसरी जखम होते, ती वेगळीच दुखते.

स्कॅफोल्ड म्हणजे वेलाचा मांडव

म्हणून शास्त्रज्ञांनी कृत्रिम आधार शोधले. त्यांना स्कॅफोल्ड म्हणतात. दोडक्याच्या वेलाला आपण मांडव घालतो, तसंच हे. मांडवाला दोडके लागत नाहीत, ते वेलालाच लागतात. मांडव फक्त दिशा आणि आधार देतो. 1969 मध्ये अमेरिकेत लॅरी हेंच यांनी हाडाला चिकटणारी एक खास काच तयार केली. हाडात असतं तसं कॅल्शियम फॉस्फेट वापरूनही असे आधार बनवतात.

आणि हो, रेशीमसुद्धा. आपल्या जिल्ह्यात तुती लावून रेशीमकोष घेणारे शेतकरी तुम्हाला माहीत असतीलच. कोषाच्या धाग्यात दोन प्रथिनं असतात: आत फायब्रोइन आणि वरून चिकट सेरिसिन. सेरिसिन धुऊन काढलं की मजबूत फायब्रोइन उरतं. शरीर ते सहसा नाकारत नाही आणि ते सावकाश विरघळतं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच फायब्रोइनपासून हाडासाठी सच्छिद्र आधार तयार करण्याचं काम केलं आहे.

पण पाण्याचं काय?

मांडव कितीही चांगला असो, मुळाला पाणी नसेल तर वेल वाळतो, हे दुष्काळी भागातल्या माणसाला सांगायला नको. हाडाच्या पेशीला साधारण 0.2 मिलिमीटरच्या आत रक्ताची केशवाहिनी लागते. म्हणून स्कॅफोल्डला एकमेकांना जोडलेली छिद्रं ठेवतात, बहुधा 0.3 मिलिमीटर किंवा त्याहून मोठी. प्राणवायू कमी पडला की पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्या दिशेने रक्तवाहिन्यांना नवे कोंब फुटतात. पण हे कोंब दिवसाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. पोकळी मोठी असेल तर मधल्या पेशी तोवर उपाशी मरतात. जगभरचे संशोधक आज याच अडचणीशी झुंजत आहेत.

आता शुगरकडे या. वाढलेली शुगर बारीक रक्तवाहिन्या खराब करते. बिडी, तंबाखू, गुटखा, मशेरी या सगळ्यांत निकोटिन असतं आणि ते रक्तवाहिन्या आकुंचित करतं. म्हणजे मांडव घालायचा आणि नळी पिळून धरायची!

तुमच्या हातात काय आहे?

- हाड जुळेपर्यंत तरी तंबाखू आणि बिडी पूर्ण बंद. बायाबापड्यांची मशेरीसुद्धा.
- शुगर तपासा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी करून घ्या.
- जेवणात डाळी, अंडी, दूध, शेंगदाणे असू द्या.
- तेल चोळून घट्ट पट्टी बांधून घेऊ नका. तिने रक्तपुरवठा अडू शकतो.
- पायावर भार कधी आणि किती द्यायचा, हे सर्जनना विचारूनच ठरवा.
- त्यांना तीन गोष्टी विचारा: हाड जुळण्याची चिन्हं दिसतात का? जंतुसंसर्ग आहे का? मध्ये पोकळी आहे का? स्कॅफोल्डचा विचार पोकळी असेल तरच होतो, प्रत्येक फ्रॅक्चरला तो लागत नाही.

ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकाचा पाय जायबंदी झाला तर कोयता मोडतो, उचल मात्र डोक्यावर तशीच राहते. म्हणून सहा महिने वाट पाहू नका. दुखणं कमी होत नसेल, जखमेतून पाणी येत असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात लगेच दाखवा. जाताना जुने एक्स-रे आणि शुगरचे रिपोर्ट सोबत घ्या.