कोळिणीचं जेवणखाण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नातवाने शेतातून श्रीखंडाचा डबा आणला. झाकणाला खिळ्याने सात-आठ भोकं पाडलेली. आत श्रीखंड नाही हे भोकांवरूनच कळलं. झाकण हळूच उचललं, तर कपाशीच्या पानाखाली एक मातकट कोळीण पाय अंगाशी घेऊन बसलेली. पोट वाटाण्याएवढं, त्यावर फिकट नक्षी, पाय काटेरी आणि पट्ट्यापट्ट्यांचे.

"आबा, हिला पाळू या," नातू म्हणाला.

माय ओसरीवर वाती वळत होती. चौऱ्याऐंशीव्या वर्षीही तिचे कान शाबूत आहेत. "कोयी कायले आनला बाप्पा घरात? आंगावर मुतला तं फोड येतीन."

आमच्या मलकापुरात ळ जिभेवर टिकत नाही. कोळ्याचा कोयी होतो, डोळ्यांचे डोये होतात. पस्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं पोरांचा ळ दुरुस्त केला. दोन्हींत यश सारखंच. फोडांचं मात्र मायला समजावून पाहिलं. पावसाळ्यात दिव्यावर मुंगीएवढा लाल-काळा किडा येतो, झोपेत तो अंगाखाली चिरडला की त्याच्या रसाने कातडी भाजते, आणि नाव कोळ्याचं होतं. मायने ऐकून घेतलं आणि वातीला पीळ दिला.

पहिले दोन दिवस कोळीण काचेच्या बरणीत होती. बरणीत माशी सोडली, मुंगळा सोडला. तिने कशाकडे ढुंकून पाहिलं नाही. चूक माझी होती. चाक विणणाऱ्या कोळ्याला डोळे आठ असले तरी दिसतं बेताचंच. त्याला जग कळतं ते धाग्यातून. जाळं नाही तर माशी नाही, मग ती नाकासमोर का बसेना. बरणीत जाळं ताणायला जागाच नव्हती. आम्ही तिला कोठडी दिली होती आणि वर जेवण वाढून वाट पाहत होतो.

मग माळ्यावरून एका जुन्या तसबिरीची चौकट काढली. दीड फूट उंच, तेवढीच रुंद. तिला चारी बाजूंनी चार बोटं रुंदीच्या फळ्या ठोकल्या, दोन्ही अंगांना काच लावली आणि काचेला आतून व्हॅसलीन पुसलं. तुळतुळीत काचेवर धागा चिकटत नाही, मग ती लाकडालाच धागे बांधते आणि जाळं सरळ उभं राहतं. ही युक्ती प्रयोगशाळांतली आहे. चौकट ओट्यावर, दिव्याच्या जरा बाजूला ठेवली. नातू गणपतीपर्यंत होता. विसर्जन झालं, तो पुण्याला गेला आणि कोळीण माझ्या गळ्यात पडली. रोज रात्री फोन यायचा. मी कसा आहे हे नंतर, आधी, "जेवली का?"

तिचं विणणं मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते एका दिवेलागणीला. वरच्या दोन कोपऱ्यांमध्ये एक धागा होताच. त्याच्या मध्यावरून ती खाली लोंबली, खालच्या फळीला टेकली, धागा बांधला. मग कडा, मग चाकाच्या आऱ्या. एक आरी इकडे, लगेच दुसरी पलीकडे, म्हणजे ताण एकीकडे जाऊ नये. आऱ्या झाल्यावर मधून बाहेर एक विरळ फेर घातला. तो कोरडा असतो, गवंड्याच्या परांचीसारखा, नुसता चढण्या-उतरण्यासाठी. खरं काम त्यानंतर. बाहेरून आत येताना तिने चिकट धाग्याचे दाट फेर घातले, आणि पुढे सरकताना तो कोरडा फेर कापत, गिळत गेली. मागचा पाय दर खेपेला शेजारच्या धाग्याला लागे, अंतर मोजी, मग मागून धागा ओढी आणि टिचकी मारल्यासारखा चिकटवी. फूटपट्टी अंगातच. पाऊण तास गेला असेल. शेवटी चाकाच्या मध्ये ती डोकं खाली करून बसली, आठही पाय आऱ्यांवर ठेवून. भुसावळकडे जाणारी मालगाडी धडधडत गेली. चौकट हलली, जाळं हललं, ती ढिम्म. थोड्या वेळाने चिलटाएवढं काही चिकटलं, तर तीरासारखी धावली.

ही निओस्कोना वंशातली. कपाशीत, तुरीत, बांधावरच्या गवतात पोळ्यापासून दिवाळीपर्यंत या भरपूर दिसतात. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या बी. के. टिकादरांनी देशभरातल्या कोळ्यांच्या वर्णनांत हयात घातली. त्यांचं 1987 सालचं इंग्रजी हँडबुक घेऊन मी दोन संध्याकाळी बसलो. वंशापर्यंत पोचलो. जात ठरवायला पोटाखालची रचना भिंगातून पाहावी लागते, त्यासाठी तिला मारावं लागलं असतं. राहिलं.

पहाटे उठून पाहिलं तर जाळं गायब. रात्रीचा एवढा पसारा तिने गोळा करून खाऊन टाकला होता, फक्त वरचा एक धागा ठेवला होता. मायला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. ती चातुर्मासात एकनाथी भागवत वाचते. त्यात अवधूताचे चोवीस गुरू येतात. तेविसावा गुरू कोळी. स्वतःतून धागा काढतो, त्यावर खेळतो आणि परत स्वतःत घेतो, तसाच देव आणि त्याचं जग. नाथांनी हे काशीत 1573 साली पुरं केलं. 1971 मध्ये डेव्हिड पीकॉल नावाच्या शास्त्रज्ञाने कोळ्याच्या जाळ्याला किरणोत्सारी खूण करून तेच जाळं त्याला खाऊ दिलं. अर्ध्या तासात नवं जाळं विणलं गेलं, तर खुणेचा सुमारे 90 टक्के भाग नव्या धाग्यात उतरला होता. मी हे मोठ्या उत्साहाने सांगितलं. माय म्हणाली, "मंग नाथाईनं काय वेगयं सांगतलं?"

तिचा खरा आक्षेप जेवणावर होता. मी रोज संध्याकाळी उलटा पेला घेऊन माशी धरत असे. जिवंत माशी चौकटीत सोडायची, ती अडकेपर्यंत थांबायचं. कोळीण झेपावे, मागच्या पायांनी धाग्याची पट्टीच्या पट्टी तिच्यावर टाके, गरागरा फिरवी, चावा घेई आणि मध्यावर नेऊन टांगून ठेवी. घाई नाही. तोंडातून पाचकरस सोडायचा, मांस विरघळवायचं, मग ते प्यायचं. दोन तासांनी माशीची काळी गोळी खाली पडायची.

"तिनं धरलं तं ते तिचं पोट," माय म्हणाली. "तू काहून धरून देऊन राह्यला?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाहेरच्या कोळ्याचं जाळं कोणाची निवड करत नाही. इथे कोणती माशी, कधी, हे मी ठरवत होतो. पाकोळी फडफडायला लागली की मला दया यायची आणि घरमाशी सोडताना यायची नाही, हेही ध्यानात आलं.

मग मेलेले किडे द्यायचं ठरवलं. दिव्याखाली सकाळी ढीग असतोच. पण मेलेला किडा हलत नाही, आणि हललं नाही तर तिच्या लेखी ते अन्न नाही. इथे सी. व्ही. बॉइज आठवले. साबणाच्या फुग्यांवर सुंदर व्याख्यानं देणारे हे इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ. 1880 साली त्यांनी बागेतल्या कोळ्याच्या जाळ्याला वाजता नादकाटा लावला, तर कोळी धावत येऊन नादकाट्यालाच कवटाळू लागला. पुढे त्यांनी पॅराफिनमध्ये बुडून मेलेली माशी जाळ्यात ठेवली. कोळी तोंड लावून परत फिरला की हे माशीला नादकाटा टेकवणार, कोळी पुन्हा येणार. असं करून ती घाण माशी त्यांनी त्याला बरीचशी खायला लावली. एवढ्या पेशन्सने आम्ही घरात पोरांना दोडक्याची भाजी खाऊ घालतो.

माझ्याकडे एक नादकाटा आहे. कुठून आला ते विचारू नका. निवृत्त होताना काही वस्तू खिशात राहून जातात. टाचेवर आपटून मेलेल्या पाकोळीला टेकवला. कोळीण गर्रकन वळली, दोन पावलं आली, थांबली, पुढच्या पायांनी आऱ्या ओढून पाहिल्या आणि झेपावली. पाकोळी गुंडाळली गेली. मायला बोलावून दाखवलं. "फसवलं तिले," ती म्हणाली, पण जागची हलली नाही. पुन्हा आपटायला लावला.

पुढे दिसून आलं की तिला रोज लागतही नाही. दिवसाआड एक घास पुष्कळ. उपाशी ती आठवडेच्या आठवडे काढील; पाण्यावाचून मात्र नाही. अमेरिकेतल्या ज्युडिथ माइल्स या सतरा वर्षांच्या मुलीने सुचवलं म्हणून 1973 च्या जुलैत दोन कोळिणी स्कायलॅब या अवकाशस्थानकात गेल्या, अॅराबेला आणि अनिता. वजन नसताना जाळं विणता येईल का, हा प्रश्न. अॅराबेलाचं पहिलं जाळं वेडंवाकडं झालं, मग ती शिकली. प्रयोग लांबला तसं अंतराळवीरांनी आपल्या ताटातलं अर्धकच्चं मांस त्यांना चारलं, पाणीही दिलं. तरी दोघी मोहिमेतच मेल्या, बहुधा अंगातलं पाणी आटून. हे वाचल्यापासून मी इस्त्रीची पाण्याची बाटली ओट्यावर आणून ठेवली. संध्याकाळी एक बारीक फवारा जाळ्यावर. ती थेंबाला तोंड लावून पिते तेव्हा पोट हळूहळू वर-खाली होतं. फवारणीच्या पंपाजवळ ठेवलेली कुठलीही बाटली यासाठी वापरू नका, धुतलेली असली तरी. शेतातून धरलेली माशीसुद्धा नको; आमच्याकडे बोंडअळीच्या भीतीने कपाशीवर काय काय मारलेलं असतं ते मारणाऱ्यालाही आठवत नाही.

एवढं सांगणाऱ्यानेच माती खाल्ली. नवरात्रात डास वाढले म्हणून मी ओट्यावर डासांचं लिक्विड लावलं. दुसऱ्या रात्रीचं जाळं पाहवेना. आऱ्या कमी, फेर तुटके, एका बाजूला भलं मोठं भगदाड. दारू पिऊन घातलेल्या रांगोळीसारखं. अशा जाळ्यांची चित्रं मी पाहिली होती. 1948 मध्ये जर्मनीत पीटर विट या औषधशास्त्रज्ञाकडे एका प्राणिशास्त्रज्ञ मित्राने गाऱ्हाणं आणलं, की कोळी भल्या पहाटे विणतात, आम्ही जागायचं किती; त्यांची वेळ बदलेल असं काही द्या. विटने साखरपाण्यातून औषधं पाजली. वेळ बदलली नाही, जाळी बदलली. प्रत्येक औषधाचा बिघाड वेगळा, आणि चहा-कॉफीतल्या कॅफीनने तर पार विसकटलेली. मी लिक्विडचं बटण बंद केलं आणि आठ दिवस डास सोसले. चौथ्या रात्री जाळं पुन्हा गोल झालं. आमच्या झोपेच्या खोलीत तेच लिक्विड वर्षभर चालतं, हा विचार तेव्हा आला आणि गेला.

दसऱ्यानंतर जिन सुरू झाले. इथल्या हवेत तेव्हा रुई तरंगते. झाडांवर, तारांवर, चष्म्यावर बसते. ती जाळ्यातही अडकू लागली. कोळीण दर वेळी येऊन पाहायची, ओढायची, आणि अन्न नाही असं कळलं की तेवढा भाग कापून पुंजका खाली टाकायची. चौकटीच्या तळाशी रुईची लहानशी गादी झाली. कापसाच्या गावात बसून तो धागा पाहताना मादागास्करचं कापड आठवायचं. तिथे दहा लाखांहून जास्त सोनेरी कोळिणी रानातून धरून, हातयंत्रावर त्यांचा धागा उलगडून 2009 मध्ये कापड विणलं गेलं. धागा काढून झाला की कोळिणी परत रानात सोडत. पाळायच्या म्हटलं तर एकत्र ठेवताच येत नाहीत, एकमेकींना खातात. रेशमाच्या किड्यासारखा कोळ्याचा धंदा कोणाला जमला नाही तो यामुळे.

धनत्रयोदशीआधी माय लांब झाडू घेऊन जळमटं काढायला निघाली. ओसरी झाली, देवघर झालं. चौकटीपाशी थांबून म्हणाली, "आता सोड तिले. लक्ष्मीच्या दिवशी कोंडलेलं नको."

मी दोन्ही काचा काढल्या. त्या रात्री ती गेली नाही. चौकटीतच जाळं विणलं, उघड्या हवेत. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या संध्याकाळी वरचा एक धागा होता, त्याचं टोक तुळशीकडे गेलेलं. ती नव्हती. नातवाला फोनवर सांगितलं, तर त्याने आधी विचारलं, "जाताना जेवली होती का?"

चौकट ओट्यावरच राहिली. आठवड्याभराने वरच्या कोपऱ्यात ओल्या मातीचं घर दिसलं. कुंभारीण माशी नळाखालच्या चिखलाचे गोळे आणून लिंपत होती. अवधूताची चोविसावी गुरू ही, कोळ्यानंतरची. किड्याला कोंडून ठेवते आणि तिच्या ध्यासाने किडा तिच्यासारखा होतो, असं पोथी सांगते. खरा प्रकार निराळा. ती डंख मारून भक्ष्य लुळं करते, कोठडीत भरते, त्यावर अंडं घालते आणि तोंड लिंपून जाते. काही कुंभारिणी अळ्या भरतात, काही कोळी. मला राहवलं नाही. चाकूने एक कोठडी फोडली. आत नऊ कोळी, पाय मुडपलेले, जिवंत. शेजारी तिची पांढरी अळी. सगळे कोळी बारके, आमची त्यात नव्हती.

माय पाठीमागे येऊन उभी होती. "आता तिच्या लेकराले तू काय चारशीन?"

मी तो मातीचा तुकडा, अळी आणि नऊ कोळी उचलून श्रीखंडाच्या डब्यात ठेवले. झाकणाला भोकं होतीच.