चारशे मार्कांचा निबंध

1934 साली जर्मनीत एक निबंधस्पर्धा जाहीर झाली. विषय साधारण असा: मी नाझी कसा झालो? स्पर्धा घेणारा थिओडोर एबल हा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला समाजशास्त्रज्ञ. अट होती, 1 जानेवारी 1933 च्या आधीपासून पक्षाच्या बाजूनं असायला हवं. म्हणजे हिटलर सत्तेत आल्यावर उडी मारलेले नकोत. बक्षिसं 400 मार्कांची. 683 जणांनी लिहून पाठवलं.

त्यातले बरेचसे निबंध हूवर संस्थेनं ऑनलाइन ठेवलेत. जर्मन पक्कं करायचं म्हणून मी ते रात्री अंथरुणात पडून मोबाईलवर वाचायला लागले. (हस्ताक्षरातले सोडून दिले, डोळे फुटतात.)

मला वाटलं होतं राक्षस भेटतील. भेटले कामगार, कारकून, शेतकरी, शिक्षक. कुणी 1918 मध्ये हरून घरी आलेला. कुणाची आयुष्यभराची बचत 1923 च्या महागाईत गेलेली. त्या नोव्हेंबरात एक डॉलर 4.2 लाख कोटी मार्कांना होता. कुणी बेकार. मग कुणीतरी सभेला नेतं आणि निबंधाचा सूरच बदलतो. वरिष्ठ अधिकारी आणि हमाल एका बाकावर बसलेत, कुणी कुणाला खालचं समजत नाही. फोल्क्सगेमाइनशाफ्ट हा त्यांचा लाडका शब्द. सगळं राष्ट्र म्हणजे एकच घर. कम्युनिस्टांशी झालेल्या मारामाऱ्यासुद्धा ते कॉलेजच्या ट्रिपसारख्या आठवतात.

खरं सांगते, काही जण मला आवडायला लागले. एकटं पडलेलं माणूस कुठंतरी सामावलं गेलं, हे वाचताना बरंच वाटतं.

एबलनं मोजलं होतं, साधारण 60 टक्के निबंधांत ज्यूद्वेषाचा उल्लेखच नाही. आधी मला हायसं वाटलं. मग तारखा लावून पाहिल्या. हे लिहिलं जात होतं तेव्हा ज्यूंना सरकारी नोकऱ्यांतून काढायला सुरुवात होऊन वर्ष उलटलं होतं. एका बाकावर बसलेल्यांना ते दिसलं नसेल? की दिसलं, पण निबंधात लिहिण्यासारखं वाटलं नाही?

या प्रश्नावर मी फोन बाजूला ठेवला, कारण मला माझाच एक निबंध आठवला. सहावीतला, ‘आमच्या गावची जत्रा’. अख्खं गाव एका पंगतीत जेवतं, लहान-मोठा भेद नाही, असं मी त्यात लिहिलं होतं. शाळेत पहिला नंबर आला होता.

आईनं ती वही जपून ठेवलीय. दिवाळीत घरी गेले तेव्हा काढून वाचली. लाडवांवर चार ओळी आहेत, पत्रावळींवर दोन. देवळामागच्या भिंतीशी घरून आणलेली पातेली घेऊन शेवटची पंगत उठायची वाट बघत उभी राहायची ती माणसं त्यात नाहीत. त्यातली एक मुलगी माझ्याच वर्गात होती. माझा निबंध बाईंनी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा ती दुसऱ्या बाकावर बसली होती.