केसरबाईंची तबकडी

आज गायिका केसरबाई केरकरांची जुनी ७८ आरपीएमची तबकडी काढली. मऊ फडक्यानं पुसून खिडकीपाशी तिरकी धरली, तर कडेला केसाएवढी चीर! काळजात चर्र झालं. ही लाखेची, विनाइलची नव्हे. हातातून सुटली की तुकडेच. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, पण तेवढ्यात बाई अख्खा राग उभा करतात.

चोरबाजारात जुनी तबकडी विकायला नेली, तर आधी खाचा बघतात, मग भाव बोलतात. घरोघरी असलेल्या सिनेमाच्या रेकॉर्डना कमी, मोजक्याच निघालेल्यांना जास्त. चिरलेलीला कोण विचारणार?

१९७७ साली बाईंची भैरवी व्हॉयेजर यानांसोबत अंतराळात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. माझ्याकडच्या तबकडीवर मात्र सुई दर फेऱ्याला टक् करते. पण ती तबकडी आईनं जपलेली आहे, विकणार नाही. आता दुसरी बाजू लावते.