जाळ नको, आर हवा

नानकटाई घरी करायची हे दोन वर्षं माझ्या डोक्यात होतं, आणि ती ओव्हनमध्येच करायची हेही. मी शाळेत तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. त्या मानधनातून थोडेथोडे बाजूला टाकून ओव्हनपुरते पैसे जमले, तेवढ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. पैसे तिकडे गेले. जायलाच हवे होते. पण घरात कुणी त्याबद्दल एक शब्द काढला नाही, हे मला लागलं. खोटं कशाला सांगू?

माझं माहेर श्रीरामपूर. लहानपणी दिवाळीच्या आधी मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा असा सगळा माल घेऊन आम्ही बेकरीत जायचो. पत्र्याच्या डब्यावर आई खडूने आडनाव घालायची. नंबर लागायला रात्रीचे अकरा वाजत. तोवर बायका पोत्यांवर बसून गप्पा मारायच्या, आम्ही पोरं भट्टीच्या तोंडाशी ऊब घेत बसायचो आणि वडील सायकल धरून बाहेर उभे. पहिली गरम नानकटाई हातात मऊच लागायची. आई म्हणायची, "थांब जरा, गार झाली की खुसखुशीत होते." आम्ही सगळे इतका वेळ एकत्र असायचो ते त्याच रात्री.

इथे नगरला (२०२४ पासून पत्त्यात अहिल्यानगर लिहिते, पण एस.टी.त तोंडात नगरच येतं) आमच्या घराचं वेळापत्रक निराळं. हे एमआयडीसीत, तीन पाळ्यांमध्ये. तीन आठवड्यांतून एकदा पहिली पाळी आली की संध्याकाळी घरी दिसणार. मामंजी गेल्यावर सासूबाई शेवगावकडचं गाव सोडून आमच्याकडे आल्या. जेवण झालं की आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मुलगा मोबाइलमध्ये. चौघं चार दिशांना.

पौषातल्या एका गारठ्याच्या रात्री यांची पहिली पाळी होती. म्हटलं, ओव्हन नाही तर नाही! जुनी जाड बुडाची कढई घेतली, तळाशी मीठ पसरलं, वर तिवई, तिच्यावर तूप लावलेली ताटली. तूप आणि पिठीसाखर हाताने पांढरी होईस्तोवर फेसली, मैदा, थोडं बेसन, रवा आणि वेलदोडा घालून गोळा नुसता जमवला. मळायचा नाही, नाहीतर नानकटाई चिवट होते. हे सगळं बरोबर केलं आणि गॅस मात्र मोठा ठेवला. लवकर व्हावं म्हणून, दुसरं काय!

पहिला घाणा खालून कोळसा आणि वरून पांढराफटक. मी रडकुंडीला आले. एवढ्यात सासूबाई दारात.

"करपलं का गं?"

"हो ना आई. ओव्हन असता तर..."

त्यांनी एक उचलली, उलटीपालटी करून डोळ्यांजवळ नेली. "तुझ्या पैशानं डोळा आला, म्हणून दिसली बघ ही काळी-गोरी."

मी गप्पच झाले. यांनीही पेपरातून मान वर केली.

"जाळ कशाला एवढा? हुरडा काय जाळावर भाजत्यात व्हय? आर लागतो, आर!"

मग त्यांनीच तवा मागितला, कढईखाली ठेवायला लावला, मीठ दुप्पट केलं आणि गॅस अगदी बारीक. "आता झाकण काढायचं नाही," असं बजावून पाटावर बसल्या. वीस-पंचवीस मिनिटं करायचं काय? त्या आगटीचं सांगू लागल्या. गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसू द्यायचा आणि मग कणसं आरात खुपसायची. लग्नानंतरच्या पहिल्या हुरड्याला रानात सगळी भावकी जमलेली. मामंजींनी चोळलेला हुरडा सगळ्यांदेखत बायकोच्या हातावर कसा ठेवायचा? तर म्हणे अंधारात मागून पदरात टाकला! "पदराला भोक पडलं, एवढा गरम," म्हणून त्या हसल्या. मामंजी गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. यांना ही गोष्ट ठाऊक नव्हती. मुलाच्या हातात मोबाइल होताच, पण कान इकडे होते.

दुसरा घाणा साधला. फिकट बदामी रंग, वर बारीक चिरा. काढताना मऊ वाटतात, तशाच ताटलीत गार होऊ द्याव्यात. एका घाण्यात सातच मावतात. चार घाणे होईस्तोवर साडेअकरा वाजले, तरी कुणी उठलं नाही. करपलेल्या सात यांनी चहात बुडवून संपवल्या, तेही तक्रार न करता.

पुढच्या खेपेला ज्वारीचं पीठ घालून बघ, असं सासूबाईंचं म्हणणं पडलं. गावची मालदांडी घरात होतीच. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. भाकरीसाठीसुद्धा आपण पिठात उकळतं पाणी घालतो ते त्यासाठीच. म्हणून नुसती ज्वारी घेतली तर नानकटाई हातात भुगा होते. एक वाटी ज्वारीचं पीठ, एक वाटी कणीक, पाऊण वाटी तूप, पाऊण वाटी पिठीसाखर, अर्धा चमचा बेकिंग पावडर, लागलंच तर चमचाभर दूध. गोळा अर्धा तास झाकून ठेवावा.

ती आम्ही यांच्या पुढच्या पहिल्या पाळीला केली. गॅसचं बटण सासूबाईंनी कुणाला हात लावू दिलं नाही.